मारिया माँटेसरी : नाक शिंकरायला शिकवणाऱ्या डॉक्टरबाई



'माँटेसरी' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? शहरातली भरपूर फीची शाळा, लाकडी ठोकळे, इस्त्रीचे कपडे घातलेली मुलं. पण ज्या बाईंच्या नावाने या शाळा चालतात, त्यांनी पहिलं बालगृह उघडलं ते मजूर वस्तीतल्या मुलांसाठी. आणि त्या मूळच्या शिक्षिका नव्हत्या, डॉक्टर होत्या. ही गोष्ट आपण लक्षात ठेवायला हवी.

जन्म व शिक्षण

मारिया माँटेसरी यांचा जन्म 31 ऑगस्ट 1870 रोजी इटलीतील किआरावाल्ले या गावी झाला. मुलीने डॉक्टर व्हावं हे वडिलांना पसंत नव्हतं. कॉलेजातही अडचणी होत्याच. मुलांसोबत शवविच्छेदन करायची परवानगी नव्हती, म्हणून सगळे गेल्यावर त्या एकट्या ते काम करायच्या. तरीही 1896 मध्ये त्यांनी रोम विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवली. पुढे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांवर उपचार करताना त्यांना जाणवलं, की या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज जास्त आहे.

सान लोरेन्झोचं बालगृह

रोममध्ये सान लोरेन्झो नावाची गरीब वस्ती होती. आईवडील कामावर गेले की लहान मुलं चाळीत मोकाट फिरायची, भिंती खराब करायची. इमारतीच्या मालकांनी त्यांना सांभाळायला एक खोली दिली आणि 6 जानेवारी 1907 रोजी तिथे पहिलं बालगृह सुरू झालं.

तिथला एक प्रसंग बघा. एक दिवस बाईंनी चक्क नाक कसं शिंकरायचं याचा धडा घेतला. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता नाक कसं साफ करायचं, हे शांतपणे करून दाखवलं. मुलं हसतील असं वाटलं होतं. पण ती एकदम गप्प होऊन बघत राहिली आणि शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या! असं का झालं असेल? शेंबडा म्हणून सगळ्यांनी हिणवलं होतं, पण नाक साफ कसं करायचं हे कुणी नीट दाखवलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट वजन-उंचीची. मुलाचा जन्म ज्या तारखेचा, त्या तारखेला दर महिन्याला त्याची उंची मोजायची. जन्म ज्या वाराचा, त्या वारी दर आठवड्याला आंघोळीच्या वेळी वजन करायचं. मोजायची वेळ आली की मुलं आनंदाने बूट काढून तयार व्हायची. आता विचार करा, यात काय काय आलं? वार, तारीख, मोजमाप, नोंद, मागच्या वेळेशी तुलना आणि स्वतःच्या शरीराचं निरीक्षण. विज्ञान म्हणजे तरी दुसरं काय असतं? त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही, मूल स्वतःच अभ्यासाचा विषय झालं.

एक नियम मला पटत नाही

अस्वच्छ येणाऱ्या मुलाला परत पाठवायचं, असाही तिथे नियम होता. पण तिथे आंघोळीची सोय होती. आपल्याकडे ज्या घरात नळच नाही, तिथल्या मुलाला परत पाठवलं तर ते पुन्हा येईलच असं नाही.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतेय. नोकरीच्या सुरुवातीला परिपाठात मी नखं तपासायचे आणि वाढलेली दिसली की रांगेबाहेर उभं करायचे. एकदा ऊसतोड कामगारांची एक मुलगी अशी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. तिला आणायला मला दोनदा कोपीवर जावं लागलं. तिच्या घरी नेलकटर नव्हतं, एवढंच कारण होतं.

आता वर्गात नेलकटर, साबण आणि जुन्या साडीचे रुमाल ठेवलेत. भिंतीवर उंचीची पट्टी काढलीय. मुलं एकमेकांची उंची मोजतात, तारीख घालून वहीत लिहितात. ती मुलगी तर मोजणाऱ्यांची प्रमुख झाली होती.

भारताशी नातं

1939 मध्ये माँटेसरीबाई चेन्नईच्या अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे 1946 पर्यंत भारतातच राहिल्या. या काळात त्यांनी अनेक शिक्षकांना प्रशिक्षण दिलं. त्याआधीच गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला त्यांची पद्धत आपल्या मातीत रुजवायला घेतली होती. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांपर्यंत ती नेली. म्हणजे गरिबांसाठी सुरू झालेलं काम पुन्हा गरिबांच्याच अंगणात आलं. 6 मे 1952 रोजी नेदरलँड्समध्ये माँटेसरीबाईंचं निधन झालं.

तर शिक्षक मित्रांनो, उद्या एखादं मूल नाक गळत वर्गात आलं तर रागावू नका. रुमाल घ्या आणि करून दाखवा. पालकांनीही घरी हेच करावं. विज्ञानाचा पहिला पाठ तिथेच सुरू होतो.