हरिभाऊंच्या ऐतिहासिक कादंबऱ्या आणि त्यांची साधने

हरि नारायण आपटे यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांविषयी मराठी समीक्षेत एक आक्षेप दीर्घकाळ रूढ आहे. हरिभाऊंनी साधनांची पुरेशी चिकित्सा न करता इतिहास रंगविला, असा तो आक्षेप होय. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु कोणते साधन हरिभाऊंच्या हाती केव्हा येऊ शकत होते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. त्यासाठी त्यांच्या चरित्राकडे वळावे लागते.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. मातृछत्र लहानपणीच हरपले. त्यांचे पालनपोषण आणि शिक्षण मुंबई व पुणे येथे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांच्या आधाराने झाले. न्यू इंग्लिश स्कूलच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी ते एक. विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे १८८२ साली निधन झाले, तेव्हा या विद्यार्थ्याने त्यांच्यावर विलापिका रचली. पुढे डेक्कन व फर्ग्युसन ही दोन्ही महाविद्यालये झाली. पण गणिताशी जमले नाही आणि पदवी मिळाली नाही. इंग्रजी व संस्कृत वाङ्मयाचे वाचन मात्र पदवीधरांना मागे टाकील इतके होते.

महादेव चिमणाजींनी १८८८ साली पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. संस्कृत हस्तलिखितांचा संग्रह आणि ग्रंथप्रकाशन हे तिचे कार्य. तिची व्यवस्था हरिभाऊंनी अखेरपर्यंत पाहिली. त्यांच्या चरित्रातील ही बाब बहुधा ओझरती उल्लेखिली जाते. पोथ्या गोळा करणे, पाठ ताडून पाहणे आणि शुद्ध प्रत छापणे हे ज्या वास्तूत नित्य चाले, तेथेच हा कादंबरीकार वावरत होता. साधनचिकित्सा म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही.

पण त्याच्यामागे दुसरेही एक चक्र लागले होते. हरिभाऊंनी १८९० साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या त्यात क्रमशः प्रसिद्ध झाल्या. वाचक पुढील प्रकरणाची वाट पाहत असे आणि छापखाना मजकुराची. नवे पत्र उजेडात आले म्हणून मागील प्रकरण परत घेण्याची सोय या पद्धतीत नव्हती. ऐतिहासिक कादंबरीचा आरंभही त्यांनी स्वतंत्र संशोधनातून केला नाही. 'म्हैसूरचा वाघ' ही मेडोज टेलरच्या टिपू सुलतानावरील कादंबरीच्या आधाराने लिहिलेली आहे.

'उषःकाल' १८९५ ते १८९७ या काळात प्रसिद्ध झाली. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ सालचा, रानड्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथ १९०० सालचा, आणि भारत इतिहास संशोधक मंडळ तर १९१० मधले. म्हणजे शिवकालावरील मराठीतील ही महत्त्वाची कादंबरी ग्रँट डफ, बखरी आणि १८७८ पासून निघू लागलेला 'काव्येतिहाससंग्रह' यांच्या काळातील आहे. अशा स्थितीत हरिभाऊंनी एक शहाणपणाचा मार्ग स्वीकारला. शिवाजी महाराजांना कथेच्या मध्यभागी न आणता त्यांनी विजापूरशी इमान राखणारे किल्लेदार रंगराव अप्पा आणि स्वराज्याकडे ओढला जाणारा त्यांचा मुलगा नानासाहेब ही पितापुत्रांची जोडी उभी केली. ही रचना स्कॉटची आठवण करून देते. साधनांच्या उणिवेवरही हा एक उपाय होता, असे प्रस्तुत लेखिकेला वाटते.

'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी १९०३-०४ मधली. तानाजी मालुसरे १६७० साली कोंढाण्यावर पडले. एक गड मिळाला आणि दुसरा गेला, अशा आशयाचे उद्गार सभासदाच्या बखरीत महाराजांच्या तोंडी आहेत. तुळशीदास शाहिराचा पोवाडा ऑकवर्थ व शाळिग्राम यांच्या १८९१ च्या संग्रहामुळे सर्वांच्या हाती आला होता. सिंह गेला म्हणून गडाला सिंहगड नाव पडले, ही समजूत मात्र टिकत नाही. १६६३ सालच्या शिवाजी महाराजांच्या पत्रात सिंहगड हे नाव आलेले आहे. तरीही लोकांच्या मनात बखरीपेक्षा कादंबरीचे शीर्षकच घट्ट बसले. बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली याच कथेवर 'सिंहगड' हा चित्रपट काढला. कादंबरीकाराची चूक साध्या चुकीसारखी दुरुस्त होत नाही. ती स्मृतीचा भाग होऊन बसते. म्हणून हा आक्षेप हलक्याने झटकण्यासारखा नाही.

'चंद्रगुप्त' (१९०२-०५) लिहिताना अडचण याहून मोठी होती. मौर्यकालासाठी मराठी लेखकाचा मुख्य आधार म्हणजे त्या काळानंतर कित्येक शतकांनी रचलेले 'मुद्राराक्षस'. कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' शामशास्त्री यांनी १९०९ साली छापून प्रसिद्ध केले. तोवर हरिभाऊंची कादंबरी पूर्ण झाली होती. ही पोकळी त्यांनी मुरादेवीने भरून काढली. अपमानित राणीचा सूड हा नंदवंशाच्या नाशामागील खरा वेग ठरतो. चाणक्याच्या राजनीतीपेक्षा तिच्या मनातील घालमेल अधिक विश्वसनीय वाटते. 'पण लक्षात कोण घेतो' लिहिणाऱ्याकडून याहून वेगळे काय अपेक्षावे?

'वज्राघात' (१९१३-१५) या दृष्टीने निर्णायक आहे. विजयनगरवरील सूएलचा ग्रंथ १९०० सालीच प्रसिद्ध झाला होता. त्यामुळे साधनांचा अभाव हे कारण येथे पुढे करता येत नाही. असे असूनही १५६५ च्या संहाराचे मूळ हरिभाऊंनी रामराजा, त्याने दुरावलेली मेहेरजान आणि त्यांचा पुत्र रणमस्तखान यांच्या कल्पित कथेत शोधले. म्हणजे केवळ पोकळी भरण्यासाठी कल्पना येत नव्हती. कोणत्याही युगात गेले तरी राज्यांचे भवितव्य घरातच ठरते, अशी त्यांची धारणा होती: पित्याने नाकारलेल्या पुत्रात, पतीने टाकलेल्या स्त्रीत. सामाजिक कादंबरीकार आणि ऐतिहासिक कादंबरीकार असे हरिभाऊंचे दोन भाग पाडणारी विभागणी मला म्हणूनच सोयीची, पण वरवरची वाटते.

लेखनाला पुरेसा निवांतपणा त्यांना कधी लाभला नाही. पुणे नगरपालिकेचे काम, प्लेगच्या दिवसांतील सेवा, १९१२ च्या अकोला येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, १९१५ ची विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने, केशवसुतांच्या कवितेचे संपादन असे व्याप वाढत गेले. शिवकालावरील 'सूर्यग्रहण' आणि पृथ्वीराजाच्या काळावरील 'कालकूट' या दोन्ही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. ३ मार्च १९१९ रोजी, पंचावन्न वर्षे पूर्ण होण्यास पाच दिवस असताना, हरिभाऊंचे निधन झाले.