न धुतलेल्या बश्या आणि अर्धवट डोस

मागच्या महिन्यात आमच्याकडे दोन दिवस दही लागलंच नाही. विरजण बदललं, पातेलं उबेला ठेवलं, तरी दूध आपलं तसंच! शेवटी दूध घालणाऱ्या मावशींना विचारलं. त्यांच्या गायीला दगडी झाली होती. म्हणजे कास सुजून टणक झाली होती आणि डॉक्टरांनी सडात सोडायला औषधाच्या ट्यूबा दिल्या होत्या. ठरलेले दिवस हे दूध कोणाला घालू नका, असं त्यांनी बजावलंही होतं. पण मग गायीच्या कर्जाचा हप्ता कुठून भरायचा? त्यातून दुसऱ्याच दिवशी दुधातल्या गुठळ्या गेल्या, म्हणून मावशींनी उरलेल्या ट्यूबा फडताळात जपून ठेवल्या. पुढच्या वेळेला होतील!

मला आधी राग आला. मग अलेक्झांडर फ्लेमिंग आठवले.

पेनिसिलीनचा शोध कोणी लावला, याचं उत्तर आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केलंय. पण हे गृहस्थ शेतकऱ्याच्या घरातले होते, हे मला खूप उशिरा कळलं. ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधल्या एअरशायर भागात, डार्व्हेल गावाजवळच्या एका शेतवाडीवर त्यांचा जन्म झाला. हा दुधाळ गायींचा मुलूख. एअरशायर नावाची गायींची जातच आहे. अलेक सात वर्षांचा असताना वडील गेले आणि आईने सख्खी-सावत्र सगळी मुलं सांभाळत शेती चालवली. (त्याच्या वडिलांनी लहानग्या चर्चिलला बुडताना वाचवलं, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. ती निव्वळ दंतकथा आहे.)

पुढे अलेक लंडनला भावाकडे आला. चार वर्षं एका जहाज कंपनीत कारकुनी केली. काकांच्या वारशाचे थोडे पैसे मिळाले म्हणून १९०१ साली सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय शाळेत जाता आलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या लष्करी रुग्णालयात जखमा चिघळून तरणीताठी मुलं मरताना त्यांनी पाहिली. जंतुनाशकं खोल जखमेतल्या जंतूंना गाठत नाहीत, उलट शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशींनाच मारतात, हे तिथेच त्यांच्या लक्षात आलं.

१९२८ च्या सप्टेंबरात ते सुट्टीवरून प्रयोगशाळेत परतले. जंतू वाढवलेल्या बश्या तशाच पडून होत्या. आपण खरकटी भांडी टाकून गावाला गेलो असतो, तर काय ऐकावं लागलं असतं, ते सांगायला नको! एका बशीत बुरशी आली होती आणि तिच्या भोवतालचे जंतू विरघळून गेले होते. ते जंतू होते स्टॅफिलोकॉकस. गायीच्या कासेत ठाण मांडून बसणाऱ्या जंतूंमधला एक मोठा चिवट जंतू याच घराण्यातला.

बुरशीतलं औषध शुद्ध करणं फ्लेमिंगना जमलं नाही. ते काम पुढे ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. १९४५ चं नोबेल या तिघांना मिळून मिळालं, पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते फ्लेमिंग यांचंच.

खरी गोष्ट इथे सुरू होते. त्या नोबेलच्या भाषणात, सगळं जग कौतुक करत असताना, या मितभाषी माणसाने धोक्याची घंटा वाजवली. त्यांनी एका कल्पित नवरा-बायकोचं उदाहरण दिलं. घसा दुखतो म्हणून नवरा स्वतःच पेनिसिलीन आणून घेतो, पण अपुरं. जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. तेच जंतू बायकोला लागतात, तिला न्युमोनिया होतो, आता पेनिसिलीन चालत नाही आणि ती जाते. तिच्या मरणाला जबाबदार कोण, तर निष्काळजीपणे औषध घेणारा तो नवरा, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. चूक एकाची आणि भोगणारी दुसरी. आपल्याला यात नवीन ते काय!

हे खरं व्हायला वेळ लागला नाही. पेनिसिलीन तोडून टाकणारं द्रव्य स्वतःच तयार करणारे स्टॅफिलोकॉकस रुग्णालयांत झपाट्याने वाढले. औषध गोठ्यातही पोचलं होतंच. ते दुधात उतरलं की विरजणाचे चांगले जंतूही मारतं. पन्नासच्या दशकात परदेशातल्या चीज करणाऱ्यांना हाच त्रास झाला होता. आणि दूध उकळून जंतू मरतात, पण औषधाचा अंश सगळा जाईल याची खात्री नसते.

पुढे पेनिसिलीनला दाद न देणाऱ्या जंतूंसाठी मेथिसिलीन आलं. १९७२ साली बेल्जियममध्ये कासदाह झालेल्या गायींच्या दुधात त्यालाही न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस सापडले. २०११ मध्ये त्यांचाच एक नवा प्रकार इंग्लंडमधल्या गायींच्या दुधात मिळाला, आणि माणसांमध्येही. त्यात खुद्द फ्लेमिंगच्या स्कॉटलंडमधली माणसंही होती.

फ्लेमिंग ११ मार्च १९५५ रोजी हृदयविकाराने गेले. परिचारिका असलेल्या पहिल्या पत्नी सारा १९४९ मध्येच वारल्या होत्या. १९५३ साली त्यांनी अमालिया या ग्रीक जंतुशास्त्रज्ञ सहकारिणीशी लग्न केलं. संसार जेमतेम दोन वर्षांचा झाला. ते गेले त्याच वर्षी आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात पेनिसिलीन तयार होऊ लागलं.

मावशींना मी ही सगळी गोष्ट ओट्यावर बसून सांगितली. नवरा-बायकोच्या उदाहरणाला त्या जरा थांबल्या. मग घरी जाऊन ट्यूबा घेऊन आल्या. दोन उरल्या होत्या, एकीची तारीख उलटलेली. तिथूनच आम्ही डॉक्टरांना फोन लावला.