एक्स-मेनमधले म्युटंट आणि लातूरचा शेंगदाणा, दोघांच्या मागं एकच माणूस आहे

टीएलजी ४५ हे भुईमुगाचं वाण. लांबलचक नाव ट्रॉम्बे लातूर ग्राउंडनट. २००७ साली मराठवाड्यासाठी आलं. ते तयार करण्यात भाभा अणुसंशोधन केंद्राचा हात होता, आणि त्याच्या पूर्वज बियाण्यावर क्ष-किरण सोडले होते.

म्हणजे हा शेंगदाणा म्युटंटांच्या खानदानातला. एक्स-मेनमधल्या वुल्व्हरिनसारखाच.

या दोघांचं मूळ शोधायला गेलं की नाव येतं हर्मन म्युलर.

जन्म न्यूयॉर्कचा, १८९० चा. वडील लहानपणीच गेले. शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकला आणि तिथं फळमाशांच्या नादाला लागला. पिकलेल्या केळ्यावर घोंगावतात त्याच त्या बारीक माशा.

जनुकात अचानक बदल होतो आणि तो पुढच्या पिढीत उतरतो, याला म्युटेशन म्हणतात. मराठीत उत्परिवर्तन. हे आपोआप होतं, पण क्वचित. म्युलरला वाट बघायची नव्हती. टेक्सासमध्ये त्यानं माशांवर क्ष-किरण सोडले आणि बदलांचं प्रमाण सुमारे १५० पट वाढलं. १९२७ मध्ये हे जाहीर झालं. माणूस म्युटंट घडवू शकतो, हे जगाला कळलं.

विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना तर खजिनाच सापडला.

म्युलरचं आयुष्य मात्र फरफटीत गेलं. डाव्या विचारांमुळं अमेरिकेत सरकारी नजर, बर्लिनमध्ये गेला तर हिटलर आला, रशियात गेला तर तिथं लायसेंकोनं जनुकशास्त्रच मोडीत काढायला घेतलं. त्याला उघड विरोध करून १९३७ मध्ये म्युलरनं रशिया सोडला.

१९४५ मध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला. पुढच्याच वर्षी म्युलरला नोबेल मिळालं. किरणोत्सर्गाची भीती आता घराघरात पोचली होती. तेव्हा डॉक्टर सर्रास क्ष-किरण वापरायचे, अमेरिकेत चपलांच्या दुकानात मापासाठीही यंत्रं असायची. म्युलर सांगत राहिला की, याची किंमत पुढच्या पिढ्या मोजतील. अनेक डॉक्टर त्याच्यावर चिडले.

अशा काळात, १९६३ मध्ये, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी एक्स-मेन आणले. प्रत्येक हिरोला शक्ती कुठून आली हे सांगायचा ली यांना कंटाळा आला होता. यांना ती जन्मतःच आहे, म्हटलं की विषय संपला! ली यांच्या सांगण्यानुसार त्यांना नाव ‘द म्युटंट्स’ ठेवायचं होतं, पण पोरांना हा शब्द कळणार नाही म्हणून मालकानं नाकारलं.

म्युलर १९६७ मध्ये वारला.

कॉमिक्समध्ये म्युटेशन म्हणजे शक्ती. म्युलर मात्र आयुष्यभर उलटं सांगत होता, बहुतेक बदल नुकसानच करतात. ट्रॉम्बेतही तसंच. हजारो रोपं तपासायची, बिघडलेली बाजूला टाकायची आणि कामाचं एखादं जपायचं.

रोपाच्या बाबतीत हे जमतं. माणसाच्या बाबतीत बिघडलेलं कोण हे ठरवायचं कुणी, हा प्रश्न एक्स-मेन आजही विचारतात.