पतंगाला गाडी जुंपणारे गुरुजी

संक्रांत आली की आमच्या हिमायतनगरातील गच्च्या मुलांनी फुलून जातात. धूलपेठेतील कारागिरांनी घडविलेले पतंग आकाशात झेपावतात, आणि वारा भरला म्हणजे मांजा बोटांना असा काचतो की लहानग्यांना फिरकी थोरल्या भावाच्या हाती द्यावी लागते. ही ओढ आपण सर्वांनीच अनुभवली आहे; परंतु ती एक शक्ती आहे आणि तिला कामास लावता येईल, असा विचार कितीजणांच्या मनात आला असेल? सुमारे दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातील एका शाळामास्तरांच्या मनात तो आला. त्यांचेच चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

जॉर्ज पोकॉक यांचा जन्म १७७४ साली झाला. ब्रिस्टल शहरी ते मुलांची शाळा चालवीत आणि मेथॉडिस्ट पंथाचे प्रवचनकार म्हणूनही त्यांची ख्याती होती. पतंगाचा नाद त्यांना लहानपणापासूनचा. इतर मुले पतंग किती उंच जातो हे पाहत, तर हा मुलगा दोरीला ओझी बांधून तो किती भार ओढतो हे पाही. पुढे वय वाढले, पण नाद सुटला नाही. उलट त्याला प्रयोगाची शिस्त लागली.

१८२४ च्या सुमारास त्यांनी एक प्रचंड पतंग तयार केला, त्याला खुर्ची जोडली आणि तीत आपली मुलगी मार्था हिला बसविले. मार्था तेव्हा अवघी बारा वर्षांची होती. पतंगाने तिला सुमारे २७० फूट उंच नेले आणि ती सुखरूप खाली आली. पित्याच्या या धाडसाचे कौतुक करावे की त्यास दोष द्यावा, हे आम्हांस आजही ठरविता येत नाही. दोर तुटता तर काय झाले असते, या कल्पनेनेच अंगावर काटा येतो. क्रिकेटच्या इतिहासात अमर झालेले डब्ल्यू. जी. ग्रेस हे याच मार्थाचे पुत्र होत.

१८२६ साली पोकॉक यांनी जेम्स व्हायनी यांच्यासह पतंगाने ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले. एकाच दोरावर दोन मोठे पतंग चढवावयाचे आणि चार दोऱ्यांच्या साहाय्याने त्यांना डावीउजवीकडे वळवावयाचे, अशी तिची योजना होती. चारपाच माणसे घेऊन ही गाडी ताशी सुमारे वीस मैल वेगाने धावे. त्या काळी रस्त्यावरील जकात जनावरांच्या संख्येवरून घेत. या गाडीला घोडाच नसल्याने नाकेदारास काही मागता येईना! १८२८ साली ॲस्कट येथे राजा चौथा जॉर्ज यानेही हे नवल पाहिले.

तरीही ही गाडी लोकांच्या उपयोगी पडली नाही. वारा पडला की ती थांबे, वाऱ्याच्या उलट दिशेने ती जाऊ शकत नसे, आणि रस्त्यालगतची झाडे दोरांना अडवीत. शिवाय वाफेच्या गाडीचा जमाना उगवला होता. १८४१ साली लंडनहून थेट ब्रिस्टलपर्यंत आगगाडी धावू लागली आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८४३ साली, पोकॉक यांनी जगाचा निरोप घेतला. आपला शोध पुढे कोणी हाती घेईल, असे चिन्ह त्यांना त्या वेळी क्वचितच दिसले असेल.

परंतु दोर तुटला नव्हता. १९८० साली माइल्स लॉइड या अमेरिकन अभियंत्याने गणित मांडून दाखविले की, पतंग वाऱ्याला आडवा वेगाने फिरविल्यास त्यापासून मोठ्या प्रमाणावर वीज मिळू शकेल. जमिनीपासून जसजसे उंच जावे तसतसा वारा सामान्यतः जोराचा व संथपणे अखंड वाहणारा लागतो. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातील शक्ती आठपट होते. ही वीज कशी निघते, हे आपल्या फिरकीवरून सहज समजेल. पतंग जोराने ओढू लागला की ढील द्यावी. फिरकी गरगर फिरते आणि तिला जोडलेले जनित्र वीज निर्माण करते. दोर संपत आला की पतंगाची ओढ कमी करून तो परत गुंडाळावा. यास थोडीशी वीज खर्च होते. उरते ती आपली कमाई.

हे काम मात्र सोपे नाही. पाण्यासारखा पैसा ओतूनही अमेरिकेतील मकानी हा मोठा प्रकल्प २०२० साली बंद करावा लागला. दोराची झीज, वादळवारा आणि पतंगावरील ताबा, हे पोकॉक यांच्यापुढचेच प्रश्न आजच्या अभियंत्यांपुढेही उभे आहेत. तरी युरोपात व अन्यत्र प्रयत्न चालूच आहेत.

विद्यार्थिमित्रांनो, पोकॉक यांच्या गाडीचा विजेशी काही संबंध नव्हता. त्यांनी केवळ खेळातील एक ओढ ओळखली, तिचे मोजमाप केले आणि तिला वळण लावले. येत्या संक्रांतीस गच्चीवर जाल, तेव्हा दुसऱ्याचा पतंग काटण्याच्या आनंदात क्षणभर थांबा. सुती दोरा हाती धरा, वारा किती जोराने ओढतो ते पाहा आणि ही ओढ कोणत्या कामी येईल, हा प्रश्न स्वतःस विचारा. त्या मास्तरांनी आपल्याला दिलेला खरा धडा तोच आहे.