बाटलीतला नेचा आणि एक डॉक्टर

पुण्यात पुष्कळ घरी दिवाणखान्यात माशांची काचपेटी असते आणि तिच्यात बऱ्याचदा ‘जावा फर्न’ दिसतो. पावसाळ्यात सिंहगडाच्या वाटेवर कातळाच्या फटींतून डोकावणाऱ्या नेच्यांचाच हा पाणवठ्याकाठचा भाऊबंद. मोठा चिवट! मंद उजेड त्याला पुरतो. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधला की तिथेच मुळे धरतो. आडवे खोड मात्र वाळूत पुरायचे नाही. पुरले की कुजते. असे नेचे घरात काचेआड वाढवण्याची चाल पडली ती लंडनच्या एका डॉक्टरांमुळे. त्यांचे नाव नथॅनिएल वॉर्ड.

जन्म १७९१ चा. वडीलही डॉक्टर. तेराव्या वर्षी जमैकाची समुद्रसफर घडली आणि तिथल्या ताडा-नेच्यांनी या मुलाला कायमचे वेड लावले. पुढे दवाखाना थाटला तो गोदीजवळच्या वेलक्लोज चौकात. दाट वस्ती, कोळशाचा धूर. अंगणातल्या भिंतीशी दगड रचून हौसेने नेचे लावावेत आणि काजळीने ते मरावेत, असे चालले होते.

१८२९ साली त्यांनी पतंगाचा एक कोष ओलसर मातीत ठेवून बाटलीला झाकण लावले. लक्ष सारे कोषाकडे. पण मातीतून वर आले एक गवत आणि एक इवलासा नेचा! डॉक्टर रोज न्याहाळू लागले. दिवसा उन्हाने मातीतली ओल वाफ होऊन काचेला लागे, थंडावले की थेंब होऊन परत मातीत उतरे. धूर आत येत नव्हता, ओल बाहेर जात नव्हती. खिडकीबाहेर टांगलेली ती बाटली वरून पाणी न घालता जवळजवळ चार वर्षे हिरवी राहिली. मग डॉक्टर परगावी असताना झाकण गंजले, पाऊस आत शिरला आणि रोपे कुजली.

१८३३ मध्ये नेचे भरलेल्या दोन काचपेट्या त्यांनी जहाजाने ऑस्ट्रेलियाला धाडल्या. त्या काळी खाऱ्या वाऱ्याने बहुतेक रोपे वाटेतच मरत. ही मात्र कित्येक महिन्यांनी टवटवीत उतरली. नंतर चीनमधला चहा हिमालयात आणि हिवतापावरचा सिंकोना निलगिरीत आला तो अशाच पेट्यांतून. ज्यांच्या देशातून ही रोपे नेली, त्यांना कुणी विचारले होते का, हा प्रश्न वेगळाच.

१८४१ च्या सुमारास डॉक्टरांनी पाणवनस्पतींचे टाकेही केले. आधी त्यात खेळण्यातले मासे होते म्हणे, खरे मागाहून आले. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने १८५० साली मासे, गोगलगायी आणि पाणवनस्पती एकत्र जगवून दाखवले आणि आजच्या मासेपेटीची वाट मोकळी झाली.

वॉर्ड यांना वाटे, गरिबाच्या अंधाऱ्या खोलीतही एक हिरवी बाटली असावी. घडले उलटेच. नक्षीदार पेट्या श्रीमंतांच्या बैठकीत मिरवू लागल्या आणि नेच्यांच्या वेडापायी इंग्लंडातल्या रानावनांतून नेचे उपटले जाऊ लागले. शोधाचा हक्क डॉक्टरांनी राखून ठेवला नव्हता. १८४२ च्या पुस्तकात सारी कृती खुली करून टाकली होती. १८६८ साली ते वारले. लंडनच्या वेस्ट नॉरवुड स्मशानभूमीत त्यांना पुरले, ते नावाच्या दगडाशिवाय.