जमशेटजी टाटा आणि चांद्याची लोखंडाची खाण

आमच्या म्हसवडच्या माळावर कुठेही खणा, काळा बेसाल्टच लागतो. लोहखनिजाचे मोठे साठे पार तिकडे विदर्भात. जमशेटजी टाटांचं पोलादाचं स्वप्नही तिथूनच सुरू झालं.

१८३९ साली नवसारीत जन्मलेल्या जमशेटजींनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. १८८२ मध्ये चांदा (आजचं चंद्रपूर) जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजावर एका जर्मन तज्ज्ञाचा रिपोर्ट त्यांच्या वाचनात आला. खनिज एक नंबर, जवळ वरोऱ्याला कोळसाही. पण खनिज वितळवायला कोळशाचा टणक कोक व्हावा लागतो आणि वरोऱ्याचा कोळसा टेस्टमध्ये नापास झाला. त्यात सरकारचे खाणपरवान्याचे नियम जाचक. प्रोजेक्ट थांबला.

१८९९ मध्ये नियम सैल झाले आणि साठीच्या जमशेटजींनी पुन्हा काम हाती घेतलं. १९०२ मध्ये अमेरिकेत जाऊन चार्ल्स पेज पेरिन हा इंजिनिअर गाठला. सर्वेक्षण झालं, पण चांद्याचं गणित काही जमेना. १९०४ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंज संस्थानातलं खनिज कळवलं. त्याच वर्षी मे महिन्यात जमशेटजी जर्मनीत वारले. मुलगा दोराबजींनी मयूरभंजच्या महाराजांकडून रॉयल्टीवर खाणीचे हक्क मिळवले, १९०७ मध्ये कंपनी काढली आणि १९१२ मध्ये पोलाद बाहेर पडलं.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला यात डिपेन्डन्सीच दिसते. कोळसा, परवाना, रेल्वे, पाणी. एक जरी अडलं तरी हातातली खाणसुद्धा नुसती टेकडीच राहते. जमशेटजींची त्यातच बावीस वर्षं गेली.