कै. जोसेफ (काका) बाप्टिस्टा : एक पुण्यस्मरण

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे देवळास रंग दिला जातो, पताका लागतात, बँडवाजा ठरतो आणि जुन्या धर्मगुरूंच्या तसबिरी अशा स्मरणिकेंत छापल्या जातात. हें सर्व योग्यच आहे. परंतु देवळाच्या कपाटांत तीन वह्या असतात. एकींत बाप्तिस्मे, दुसरींत विवाह व तिसरींत मृत्यु नोंदलेले असतात. आणि कोणत्याहि धर्मग्रामाचा खरा इतिहास ह्या तीन वह्यांतच आहे असें आम्हांस वाटतें. तिसऱ्या वहींत ज्यांचीं नांवें चढलीं त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या कबरीवर दगड नाहीं, आणि ज्यांच्यावर आहे त्यांचीं अक्षरें पावसाळ्यांनीं पुसट करून टाकिलीं आहेत. नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेस आपण मेणबत्ती लावतों ती बहुधा आपापल्या घरच्या माणसांसाठीं. ज्यांच्या मागें मेणबत्ती लावणारें कोणी उरलें नाहीं त्यांची आठवण सर्वांनीं मिळून राखावयाची असते.

अशा सर्वांच्या माणसांपैकीं एकाचें चरित्र आम्ही येथें सांगूं इच्छितों. हे गृहस्थ आपल्या पाखाडीचे, आपल्या धर्माचे व आपल्या देशाचे एकाच वेळीं होते, आणि ह्या तिहींपैकीं एकासाठीं दुसरें सोडण्याची पाळी त्यांनीं स्वतःवर येऊं दिली नाहीं. उत्तर कोंकणांतील आम्हां ख्रिस्ती लोकांस त्यांना आपले पूर्वज म्हणण्याचा हक्क आहे. तो हक्क बजावावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

जोसेफ बाप्टिस्टा ह्यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजीं मुंबईंत माझगांव येथील म्हातारपाखाडींत झाला. माझगांव हें मुंबईच्या मूळच्या सात बेटांपैकीं एक. पुढें तेथें गोद्या आल्या, आगगाडी आली, गुदामें आलीं. पण म्हातारपाखाडीनें आपली गल्ली, आपला क्रूस व जुन्या धाटणीचीं आपलीं कांहीं घरें आजपर्यंत राखिलीं आहेत. बाप्टिस्टांचे वडील जॉन बाप्टिस्टा हे मूळचे भाईंदरपलीकडील उत्तनचे. म्हणजे समुद्रकांठच्या एका ख्रिस्ती गांवांतून हें कुटुंब शहरांत आलें होतें. वडिलांचें नांव व आडनांव मिळून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचें नांव होतें. आणि पुढें येणाऱ्यासाठीं वाट सपाट करून ठेवणें हेंच त्या संताचें कार्य होतें. मुलाच्या आयुष्याकडे पाहिलें म्हणजे तें नांव वायां गेलें नाहीं असें म्हणावेंसें वाटतें.

माझगांवच्या सेंट मेरीज शाळेंत आरंभींचें शिक्षण झाल्यावर ते पुण्यास अभियांत्रिकीच्या कॉलेजांत गेले. त्या काळीं आपल्या समाजांतील मुलगा इंजिनियर झाला म्हणजे घरच्यांनीं देवाचे आभार मानावे आणि त्यास सरकारी नोकरीस लावून मोकळें व्हावें, अशी रीत होती. बाप्टिस्टा तेवढ्यावर थांबले नाहींत. ते विलायतेस गेले, केंब्रिजच्या फिट्झविल्यम हॉलमध्यें राज्यशास्त्र शिकले, आणि बॅरिस्टर होऊन मुंबईस परत आले. रस्ते व पूल कसे बांधावे हें शिकलेल्या माणसानें राज्यें कशीं चालतात व कशीं बदलतात हेंहि शिकून घेतलें. त्यांच्या पुढील कार्यांत ह्या दोन्ही विद्यांचा संगम दिसतो. त्यांना पोकळ उद्गारांपेक्षां घटना, नियम व संस्था ह्यांची अधिक आवड होती.

ते वाढले तो काळ आमच्या समाजाच्या दृष्टीनें नीट ध्यानांत घेतला पाहिजे. १८८७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव झाला. त्याच वर्षीं मुंबई, साष्टी व वसई येथील मूळच्या ख्रिस्ती लोकांनीं गोवें व मंगळूर येथून आलेल्या आपल्या धर्मबंधूंहून वेगळी ओळख असावी म्हणून ईस्ट इंडियन हें नांव धारण केलें व आपली संस्था स्थापिली. नांव घेतलें तें जुन्या कंपनी सरकारच्या नांवाशीं नातें सांगणारें. त्यांत लबाडी नव्हती. कचेऱ्या, जकात, रेल्वे ह्यांतील नोकऱ्यांवर पुष्कळ घरांचा चरितार्थ चालत असे, आणि राज्यकर्तेहि ख्रिस्ती असल्यामुळें त्यांच्या छत्राखालीं आपण सुरक्षित आहों अशी अनेकांची समजूत होती. उलट बाजूस, इतर देशबांधवांपैकीं कांहींना वाटे कीं, ज्यांचीं नांवें पोर्तुगीज व पोशाख साहेबी, त्यांना देशाचें काय सोयरसुतक असणार? ह्या दोन्ही समजुती चुकीच्या होत्या. आणि त्या चुकीच्या आहेत हें वाद न घालतां केवळ आपल्या वागणुकीनें दाखवून देणारा पुरुष ह्याच समाजांतून निघाला.

बाप्टिस्टांचा लोकमान्य टिळकांशीं स्नेह जडला. एक पुण्याचे चित्पावन ब्राह्मण, वेदशास्त्रांचे अभ्यासी. दुसरे माझगांवचे कॅथलिक बॅरिस्टर. दोघांचा आहार, पेहराव व उपासना निराळी. पण स्वराज्याविषयीं दोघांचें मत एक होतें. १९०८ सालीं लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला झाला. आपला बचाव लोकमान्यांनीं स्वतःच केला. तरी कायद्याच्या बाजूनें त्यांना साह्य करणाऱ्यांत बाप्टिस्टा होते. सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हां मुंबईच्या गिरणीकामगारांनीं सहा दिवस काम बंद ठेविलें. पुढें १९१० सालीं विनायक दामोदर सावरकर ह्यांच्यावर मुंबईस खास न्यायमंडळापुढें खटला चालला, तेव्हांहि आरोपीच्या बाजूनें उभ्या राहिलेल्या वकिलांत बाप्टिस्टा होते. ज्या बॅरिस्टरास उच्च न्यायालयांत पोट भरावयाचें आहे त्यानें त्या दिवसांत असलीं वकीलपत्रें घेणें म्हणजे सरकारची गैरमर्जी घरीं बोलावून आणणें होतें. ती त्यांनीं बोलाविली.

१९१६ च्या एप्रिल महिन्यांत बेळगांवीं लोकमान्यांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. अध्यक्षस्थानीं जोसेफ बाप्टिस्टा ह्यांची योजना झाली व चिटणीस नरसिंह चिंतामण केळकर झाले. लोकमान्य स्वतः कोणत्याहि अधिकारावर राहिले नाहींत. होमरूल हा शब्द आयर्लंडचा. आयर्लंडांतील बहुसंख्य लोक कॅथलिक, आणि तेच इंग्रजांपाशीं आपल्या घरचा कारभार मागत होते. तेव्हां कॅथलिक धर्म पाळणें व परसत्तेशीं झगडणें ह्यांत विरोध नाहीं, हें जगानें पाहिलेलें होतें. बाप्टिस्टांनीं तें हिंदुस्थानांत दाखविलें. त्याच वर्षीं पुढें ॲनी बेझंट बाईंनीं आपली निराळी लीग काढली व कार्यक्षेत्राची वांटणी झाली. टिळकांच्या लीगकडे महाराष्ट्र, कर्नाटक, मध्यप्रांत व वऱ्हाड हे मुलूख आले. मुंबई शहर मात्र त्यांतून वगळलें होतें. अर्थात् ज्यांचा जन्म मुंबईंतला ते गृहस्थ मुंबईबाहेरच्या मराठी व कानडी मुलखाच्या लीगचे अध्यक्ष होते. माझगांवच्या ह्या ख्रिस्ती गृहस्थांचें नेतृत्व त्या मुलखानें आनंदानें मानलें, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते.

१९१७ सालीं हिंदुस्थानची बाजू मांडण्यासाठीं लीगनें त्यांना विलायतेस पाठविलें. तेथें त्यांनीं मजूर पक्षाच्या लोकांशीं संबंध जोडले. स्वराज्य हा आपला जन्मसिद्ध हक्क होय ह्या अर्थाची जी घोषणा लोकमान्यांच्या मुखानें देशभर गेली, तिची मूळ शब्दयोजना बाप्टिस्टांची होती असें सांगणारे पुष्कळ आहेत. ह्या श्रेयाविषयीं भांडण्याचें आम्हांस प्रयोजन दिसत नाहीं. वाक्य कोणाचेंहि असो, तें खरें करण्यासाठीं जे राबले त्यांत बाप्टिस्टा पहिल्या रांगेंत होते.

त्यांच्या कार्याचा दुसरा भाग कामगारांचा. म्हातारपाखाडीपासून थोड्याच अंतरावर गोद्यांत ओझीं वाहणारे मजूर होते, आणि भायखळा, परळ ह्या बाजूस गिरण्यांचीं धुराडीं उभीं होतीं. मुंबईच्या टपालवाल्यांची व गिरणीकामगारांची बाजू त्यांनीं घेतली. ३१ ऑक्टोबर १९२० रोजीं मुंबईंत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचें पहिलें अधिवेशन लाला लजपतराय ह्यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. ती संस्था उभारणाऱ्यांत बाप्टिस्टा होते. दुसऱ्या वर्षीं झरिया येथें कोळशाच्या खाणींच्या मुलखांत अधिवेशन झालें, त्याचे अध्यक्ष तेच होते. १९२४ सालीं जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस हिंदी कामगारांचे प्रतिनिधि म्हणून ते गेले. मजुरास योग्य वेतन व संघ करण्याचा हक्क असावा, हें पोप तेरावे लिओ ह्यांनीं १८९१ च्या आपल्या परिपत्रकांत जगापुढें मांडलेंच होतें; बाप्टिस्टांनीं मुंबईच्या मजुरांत त्याच वाटेनें काम केलें. ह्याच लोकांनीं त्यांना काका म्हणावयास आरंभ केला असो किंवा दुसऱ्या कोणी, तें नांव सर्वांच्या तोंडीं बसलें. काका हें नातें मराठी घरांतलें. बाप नसतां ज्याच्याकडे बघावें तो काका. हिंदु, मुसलमान व ख्रिस्ती अशा नाना जातींच्या लोकांनीं एका माणसास हें नातें द्यावें, ह्यापेक्षां मोठी पदवी सरकारापाशीं नव्हती.

नगराच्या कारभारांतहि त्यांचा हात होता. १९०१ सालीं ते मुंबईच्या महापालिकेंत गेले व सुमारें सतरा वर्षें तेथें काम केलें. १८९६ च्या प्लेगानें शहराची गटारें, पाणी व दाट चाळी ह्यांचा प्रश्न सर्वांपुढें आणून ठेविला होता. अशा वेळीं ज्याने अभियांत्रिकी व कायदा दोन्ही शिकलेलीं आहेत तो सभासद शहरास उपयोगी पडणें साहजिक होतें. १९२५ सालीं ते महापालिकेचे प्रमुख निवडले गेले. ज्या पदास आज आपण महापौर म्हणतों तें हें पद. आपल्या पाखाडींतला मुलगा शहराचा पहिला नागरिक झाला, तेव्हां माझगांवास किती धन्यता वाटली असेल ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

असें असतां त्यांचें नांव पाठ्यपुस्तकांत फारसें कां आढळत नाहीं, असें कोणी विचारील. कारण शोधण्यास दूर जावयास नको. १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य निवर्तले आणि देशाच्या राजकारणाचें वळण बदललें. असहकारितेच्या कार्यक्रमांतील कायदेमंडळांवरील बहिष्कार बाप्टिस्टांना पटला नाहीं. मिळेल तें घेऊन अधिकासाठीं झगडावें, ही टिळकांची रीत त्यांनीं सोडली नाहीं. नव्या प्रवाहांत ते वाहून गेले नाहींत, म्हणून त्या प्रवाहाच्या इतिहासांतहि त्यांना थोडी जागा मिळाली. शिवाय मृतांची स्मृति बहुधा त्यांच्या पंथाचे, पक्षाचे किंवा जातीचे लोक राखतात. जो सर्वांचा असतो, त्यास प्रत्येक जण दुसऱ्याचा समजतो. अशा माणसाची आठवण ठेवण्याचें काम अखेर त्याच्या गल्लीवर व त्याच्या धर्मबांधवांवर येतें. त्यांनीं तें केलें नाहीं तर दुसरें कोणी करणार नाहीं.

१९३० सालीं काका बाप्टिस्टा प्रभूच्या भेटीस गेले. मुंबईंत शिवडीच्या ख्रिस्ती कबरस्थानांत त्यांना मूठमाती देण्यांत आली. स्वराज्य त्यांना पाहावयास मिळालें नाहीं; तें त्यांच्या मागून सतरा वर्षांनीं आलें. माझगांवांत भंडारवाडा टेकडीवर, जेथें शहराच्या पाण्याचा जुना जलाशय आहे तेथील बागेस त्यांचें नांव आहे. संध्याकाळीं त्या बागेंत मुलें खेळतात, म्हातारीं माणसें वाऱ्यास बसतात, आणि खालीं गोद्या व समुद्र दिसतो. १९७४ सालीं के. आर. शिरसाट ह्यांनीं इंग्रजींत त्यांचें चरित्र लिहून त्यांना हिंदुस्थानांतील होमरूल चळवळीचे जनक म्हटलें. बाग आहे, पुस्तक आहे, कबर आहे. तरी ह्या तिहींपेक्षां टिकाऊ जागा म्हणजे माणसांचें बोलणें. जें नांव घरांत उच्चारलें जातें तेंच पुढील पिढीस कळतें.

म्हणून ह्या महोत्सवाच्या निमित्तानें आम्ही वाचकांस एक विनंति करितों. आपल्या गांवांत काका बाप्टिस्टांएवढे मोठे पुरुष झाले नसतील. पण कोणी पुरांत होडी घातली, कोणी साथींत आजाऱ्यांच्या उशाशीं बसलें, कोणी शाळेसाठीं आपली जमीन दिली, कोणी सुइणीचें काम करून गांवचीं निम्मीं मुलें हातांत घेतलीं. त्यांच्याविषयीं सांगणारीं वृद्ध माणसें आज आहेत, उद्यां असतीलच असें नाहीं. त्यांच्यापाशीं बसून, विचारून, नांव, गांव, साल व केलेलें काम एवढें तरी वहींत उतरून ठेवावें. स्तुतीचे शब्द नसले तरी चालतील. खरी हकीकत असावी. देवळाच्या तिसऱ्या वहींत फक्त मृत्यूची तारीख असते. जन्मापासून त्या तारखेपर्यंत तो मनुष्य काय करीत होता, हें लिहिणें आपल्याकडे आहे.

काकांच्या व आपल्या सर्व मृतांच्या आत्म्यांस प्रभु चिरशांति देवो.